इथिओपियन खानावळीत पहिल्यांदा जेवायला जाताना

वॉशिंग्टन शहरात किंवा त्याला लागून असलेल्या मेरीलँड आणि व्हर्जिनियाच्या उपनगरांत नोकरी-शिक्षणासाठी नव्याने आलेल्या मराठी माणसाला पहिल्या काही आठवड्यांतच एक गोष्ट जाणवते. सिल्व्हर स्प्रिंगमधला जॉर्जिया अॅव्हेन्यू असो, वॉशिंग्टनमधला यू स्ट्रीट आणि नाइन्थ स्ट्रीटचा परिसर असो किंवा नदीपलीकडचे अॅलेक्झांड्रिया असो, दुकानांच्या पाट्यांवर एक अनोळखी लिपी वारंवार दिसत राहते. ती गीझ लिपी असून तिच्यात लिहिलेली भाषा बहुतेक वेळा अम्हारिक असते. १९७४ साली सम्राट हाइले सेलासी यांना पदच्युत करून इथिओपियात लष्करी राजवट आली, त्यानंतरच्या वर्षांत असंख्य कुटुंबांना देश सोडावा लागला, आणि अमेरिकेने १९८० साली निर्वासितांसंबंधीचा कायदा केल्यावर त्यांतील अनेकांनी याच परिसरात बिऱ्हाड थाटले. आज इथिओपियाबाहेरच्या सर्वांत मोठ्या इथिओपियन वस्त्यांपैकी एक इथे आहे, आणि तिच्यासोबत जागोजागी छोट्या, घरगुती खानावळी आहेत.

गेली अनेक वर्षे मी या खानावळींत जेवतो आहे आणि नव्याने आलेल्या मराठी मंडळींना तिथे घेऊनही जातो. त्यांच्या मनात तीनच शंका असतात, असा माझा अनुभव आहे: गोमांस चुकून पोटात जाईल का, मेनूकार्डातले काय मागवावे, आणि सर्वांनी एकाच ताटात जेवायचे म्हणजे उष्टे खायचे का. पहिल्या दोन शंका माहितीने मिटतात. तिसरी जेवण्याच्या रीतीशी निगडित आहे, आणि ती रीत नीट समजून घेतली तर या जेवणातला खरा आनंद हाती लागतो. म्हणून या लेखात तिला सर्वांत जास्त जागा दिली आहे.

कधी जावे आणि कितीजणांनी जावे

एकट्याने जाऊ नये. तीन ते पाच जणांचा मेळ जमवावा, कारण हे जेवण मुळात एका ताटाभोवती बसून करण्याचे आहे आणि माणसे जितकी जास्त, तितके पदार्थ त्या एका ताटात मांडता येतात. हाताशी किमान दीड तास असावा, आणि शेवटी कॉफीचा पारंपरिक विधी पाहायचा असेल तर दोन-अडीच तास धरून चालावे. घरातली एक-दोन माणसे मिळून चालवत असलेल्या खानावळीत पदार्थ यायला वेळ लागतो, आणि त्याबद्दल घाई केल्याने काही साधत नाही.

शाकाहारी माणसाने शक्य असेल तर बुधवारी किंवा शुक्रवारी जावे. इथिओपियन ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती लोक या दोन वारी उपवास पाळतात, आणि त्यांच्या उपवासात मांस, अंडी, दूध, लोणी हे सर्व वर्ज्य असते. ईस्टरपूर्वीचा ‘हुदादे’ नावाचा ५५ दिवसांचा मोठा उपवास आणि वर्षातले इतर उपवास मोजले, तर श्रद्धाळू माणसाचे वर्षातले जवळजवळ निम्मे दिवस उपवासाचे ठरतात. त्यामुळे डाळी आणि भाज्यांचे पदार्थ या स्वयंपाकात पाहुण्यांच्या सोयीसाठी मागाहून आलेले नाहीत, ते त्याच्या गाभ्यातले आहेत. बुधवारी-शुक्रवारी नेहमीचे गिऱ्हाईकच ते पदार्थ मागत असल्यामुळे ते ताजे केलेले मिळतात आणि त्यांची संख्याही जास्त असते.

या उपवासाबद्दल एक गोष्ट मात्र आधीच ध्यानात ठेवावी. माझी आई भारतातून आली होती तेव्हा एकादशीच्या दिवशी आम्ही बाहेर होतो, आणि पाटीवर ‘उपवासाचे जेवण’ अशा अर्थाचे शब्द वाचून मी उत्साहाने तिला आत नेले. समोर आले ते मसूर, वाटाण्याची डाळ आणि धान्याची आंबवलेली पोळी. आईने त्या दिवशी फक्त कॉफी घेतली. त्यांचा उपवास म्हणजे प्राणिजन्य पदार्थांचा त्याग आहे. आपल्या साबुदाणा-वरी-शेंगदाण्याच्या उपवासाशी त्याचा मेळ बसत नाही, म्हणून एकादशी किंवा चतुर्थी असताना तिथे जेवायला जाऊ नये.

इंजेरा म्हणजे काय

मेनूकार्ड उघडण्याआधी इंजेरा समजून घेतला पाहिजे, कारण ताट, पोळी आणि चमचा ही तिन्ही कामे तोच करतो. टेफ नावाच्या धान्याचे पीठ पाण्यात कालवून, आधीच्या आंबवणातले थोडे पाणी विरजणासारखे घालून, दोन-तीन दिवस किंवा त्याहून जास्त आंबवतात आणि ‘मिताद’ नावाच्या मोठ्या तव्यावर ते पातळ पीठ गोलाकार ओतून, झाकण ठेवून, एकाच बाजूने भाजतात. टेफचा दाणा राजगिऱ्यापेक्षाही बारीक असतो. भाजताना वरच्या बाजूला असंख्य छिद्रे पडतात, ज्यांना अम्हारिकमध्ये ‘डोळे’ म्हणतात, आणि डोळे दाट व एकसारखे पडले की करणारीचा हात चांगला समजला जातो. ज्यांनी कोकणातली आंबोळी खाल्ली आहे त्यांना ही जाळी ओळखीची वाटेल; मात्र इंजेरा दीड फुटाच्या आसपास रुंद, अधिक लवचीक आणि चवीला स्पष्ट आंबट असतो. पहिल्या घासाला हा आंबटपणा काहींना खटकतो. इंजेरा नुसता चाखून पाहू नये, तिखट कालवणाबरोबरच खावा, कारण कालवणाचा तिखटपणा आणि तेलकटपणा यांना तोलण्यासाठीच तो आहे.

टेफमध्ये ग्लुटेन नसते. परंतु अमेरिकेतल्या बऱ्याच खानावळींत टेफच्या पिठात गव्हाचे किंवा जवाचे पीठ मिसळतात, म्हणून ज्यांना गहू चालत नाही त्यांनी निव्वळ टेफचा इंजेरा आहे का हे स्पष्ट विचारावे. अनेक ठिकाणी तो आदल्या दिवशी फोन करून सांगितल्यास मिळतो आणि त्याचे पैसे वेगळे पडतात.

मेनूकार्ड वाचताना

एकच पदार्थ एका खानावळीत एका तऱ्हेने आणि दुसरीत दुसऱ्याच तऱ्हेने लिहिलेला आढळेल, कारण रोमन लिपीत अम्हारिक उच्चार नीट बसत नाहीत. गीझ लिपीची रचना आपल्या बाराखडीसारखी आहे. एकेका व्यंजनाची स्वरांनुसार सात रूपे होतात. त्यामुळे ही नावे मनातल्या मनात देवनागरीत लिहून घेतली तर चटकन पाठ होतात, आणि उच्चारही बराचसा बरोबर येतो.

पदार्थाचे नाव बहुधा दोन शब्दांचे असते, एक कशाचा ते सांगणारा आणि दुसरा कसा केलेला ते सांगणारा. ‘वॉत’ म्हणजे दाट रस्सा. ‘अलिचा’ म्हणजे हळदीचा, सौम्य रस्सा. ‘तिब्स’ म्हणजे कांदा-मिरचीबरोबर परतलेले मांस. ‘फिरफिर’ म्हणजे इंजेराचे तुकडे करून ते मसाल्यात परतणे, म्हणजे आपल्या फोडणीच्या पोळीचा जवळचा नातेवाईक. कशाचा हे सांगणाऱ्या शब्दांत ‘दोरो’ म्हणजे कोंबडी, ‘बेग’ म्हणजे मेंढी, ‘आसा’ म्हणजे मासा (हा शब्द विसरणे मराठी माणसाला कठीण जावे), ‘मिसिर’ म्हणजे मसूर, ‘कीक’ म्हणजे भरडलेली डाळ, ‘गोमेन’ म्हणजे पालेभाजी आणि ‘तिकिल गोमेन’ म्हणजे कोबी. ‘सेगा’ म्हणजे मांस, आणि अमेरिकेतल्या खानावळींत नुसते मांस किंवा नुसते तिब्स म्हटले की ते बहुधा गोमांसच असते. डुकराचे मांस मात्र या मेनूकार्डावर दिसणार नाही, कारण इथिओपियातले ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती आणि मुसलमान असे दोघेही ते खात नाहीत.

ज्यांना गोमांस वर्ज्य आहे त्यांनी आणखी काही नावे लक्षात ठेवावीत. ‘कितफो’ हे बारीक चिरलेले कच्चे किंवा किंचित गरम केलेले गोमांस असते आणि ते अतिशय मानाचे पक्वान्न समजले जाते. ‘गोरेद गोरेद’ हे कच्च्या गोमांसाचे तुकडे, आणि ‘क्वांता’ म्हणजे सुकवलेले गोमांस. सुरुवातीला मागवतात तो ‘सांबुसा’ आपल्या समोशासारखाच दिसतो, पण त्यात मसूरही असतो आणि खिमाही असतो, म्हणून कोणता ते विचारूनच मागवावा.

सर्वांत फसवा पदार्थ शिरो आहे. हरभऱ्याचे किंवा इतर कडधान्यांचे भाजून दळलेले, मसाला मिसळलेले पीठ शिजवून तो करतात, आणि चव वेगळी असली तरी त्याची जात आपल्या पिठल्याची आहे; तो सरसरीतही मिळतो आणि मातीच्या छोट्या भांड्यात रटरटत येणारा घट्टही मिळतो. पिठले-भाकरीवर वाढलेल्या माणसाला तो पहिल्या घासाला आपला वाटतो. परंतु ‘बोझेना शिरो’ नावाच्या प्रकारात गोमांसाचे बारीक तुकडे असतात. काही वर्षांपूर्वी एका खानावळीत आमच्याबरोबर आलेल्या एका शाकाहारी गृहस्थांच्या समोर हाच प्रकार आला. मागवताना आम्ही नुसते ‘शिरो’ म्हटले होते, वाढणाऱ्या मुलीने त्यांच्याकडे जास्त खपणारा प्रकार लिहून घेतला, आणि दुसऱ्या घासाला त्यांच्या दाताखाली तुकडा आला. त्यांनी काही न बोलता ताट बाजूला सरकवले, आणि त्या संध्याकाळी कोणालाच पुढे जेवण गेले नाही. तेव्हापासून मी शिरो मागवताना ‘त्सोम’ हा शब्द, म्हणजे उपवासाचा, आवर्जून उच्चारतो.

हाच शब्द शाकाहारी माणसाचे सर्वांत भक्कम संरक्षण आहे. केवळ शाकाहारी म्हटल्यास मांस टळते, पण ‘नितेर किब्बे’ नावाचे मसाले घालून कढवलेले तूप येऊ शकते, जे आपल्यापैकी बहुतेकांना चालते. मात्र ‘त्सोम’ म्हटल्यावर तूप, अंडे, मांस या सर्वांनाच बंदी होते, आणि हा नियम त्यांच्या धर्माचा असल्याने तो मनापासून पाळला जातो. मासे काहीजण उपवासाला चालवून घेतात, तेवढे वेगळे सांगावे. इथिओपियात उपवासाच्या स्वयंपाकाला जे तेल परंपरेने वापरतात ते ‘नूग’चे, आणि नूग म्हणजे आपले कारळे, चटणीचे कारळे, ज्याला कुठे कुठे खुरासणी म्हणतात, त्याचे मूळ इथिओपियाच्या डोंगराळ प्रदेशातलेच आहे. कांदा आणि लसूण न खाणाऱ्यांची मात्र इथे खरोखरच अडचण होते, कारण जवळजवळ प्रत्येक रश्श्याची सुरुवात बारीक चिरलेला कांदा तेलाशिवाय बराच वेळ कोरडा परतण्याने होते. त्यांनी मित्रांच्या संगतीसाठी आणि कॉफीसाठी जावे, जेवणासाठी जाऊ नये.

तिखटाची भीती बाळगण्याचे कारण नाही. ‘बेर्बेरे’ हा मुख्य लाल मसाला असतो, ज्यात वाळलेल्या मिरच्या, लसूण, आले, मेथी, ओवा आणि कोरारिमा नावाची तिथली वेलची असते. कांदा-लसूण मसाल्यावर वाढलेल्या सातारा-कोल्हापूरच्या जिभेला तो परका वाटत नाही, मात्र त्याची तिखटाई हळूहळू चढते. ‘मितमिता’ ही त्याहून झणझणीत भुकटी असते, ती चिमटीनेच घ्यावी. मुलांसाठी कीक अलिचा आणि तिकिल गोमेन हे दोन सौम्य पदार्थ ठेवावेत.

पहिल्या भेटीत काय मागवावे हे विचाराल, तर चार माणसांसाठी ‘येत्सोम बेयायनेतू’, म्हणजे उपवासाच्या सर्व पदार्थांचे एकत्र ताट, दोघांना पुरेल एवढे मागवावे. त्याच्या जोडीला एक शिरो, आणि मांसाहारी असल्यास एक दोरो वॉत. दोरो वॉत हा कोंबडीचा गडद लाल रस्सा, ज्यात उकडलेली अखंड अंडी असतात आणि जो सणावारी घरोघरी होतो. त्याच्या रश्श्याला जो दाटपणा येतो तो पिठाचा नसतो, तासन्‌तास परतून विरघळलेल्या कांद्याचा असतो. यापेक्षा जास्त मागवू नये. इंजेरा पोटात गेल्यावर जाणवतो, आणि पहिल्यांदा जाणारे लोक हमखास दुप्पट मागवतात.

मेळात शाकाहारी आणि मांसाहारी असे दोन्ही असतील तर दोन स्वतंत्र ताटे मागावीत आणि हे मागवतानाच स्पष्ट करावे. एकाच इंजेरावर सगळे वाढले की रस्से एकमेकांत पसरतात आणि खालच्या इंजेरात मुरतात; मग ‘माझ्या बाजूला मांस नव्हते’ असे म्हणण्याला काही अर्थ उरत नाही.

ताट समोर आल्यावर

जेवणाआधी हात धुवावेत. पूर्वी घरोघरी पाहुण्याच्या हातावर झारीने पाणी घालून खाली तस्त धरण्याची पद्धत होती. खानावळीत आपण उठून बेसिनपाशी जायचे. काही ठिकाणी टेबलाऐवजी ‘मेसोब’ नावाची रंगीत विणलेली, झाकणाची उंच टोपली असते आणि तिच्यावर ताट ठेवतात.

ताट येते ते परातीएवढे मोठे, तळाशी पूर्ण इंजेरा अंथरलेला, आणि त्यावर पदार्थांचे छोटे-छोटे ढीग: लाल मसूर, पिवळी डाळ, हिरवी पालेभाजी, गाजर-बटाटा घातलेला कोबी, क्वचित बीट, आणि मध्ये टोमॅटोची कोशिंबीर किंवा मुख्य रस्सा. आपल्या पानात चटणी-कोशिंबीर डावीकडे आणि भाजी उजवीकडे अशी जागा ठरलेली असते; इथे जागा अशा हिशेबाने ठरते, की भोवती बसलेल्या प्रत्येकाच्या हाताशी थोडे थोडे सगळे यावे. वेगळ्या टोपलीत किंवा ताटलीत इंजेराच्या गुंडाळ्या येतात. सुरुवात त्या गुंडाळ्यांपासून करायची असते, तळाचा इंजेरा शेवटासाठी राखायचा असतो.

आता मुख्य मुद्दा. आपल्या घरात जेवत्या हाताने वाढायच्या डावालासुद्धा हात लावू देत नाहीत, आणि इथे पाचजणांचे हात एका ताटात जाणार, हे पाहून आपल्याकडची मोठी माणसे अवघडतात. त्यांचे अवघडणे मला चुकीचे वाटत नाही, परंतु ते या रीतीची माहिती नसल्यामुळे असते. ही रीत उष्टे होऊ नये अशाच काळजीने घडलेली आहे, आणि ती पाळली तर पंगतीतल्या कोणाचेही अन्न दुसऱ्याने उष्टे केलेले नसते.

उजव्या हातानेच गुंडाळी उलगडावी आणि दोन-तीन बोटे रुंद असा तुकडा तोडावा. भाकरीचा तुकडा आपण एका हाताने मोडतो, तसाच; डावा हात मांडीवर राहिला पाहिजे. तो तुकडा जाळीची बाजू खाली करून पदार्थावर पालथा ठेवावा, आणि अंगठा व दोन बोटांनी तुकड्यासकट पदार्थ चिमटीत उचलावा. भाकरीसारखी त्याची होडी करून रस्सा भरून घेता येत नाही, कारण इंजेरा मऊ असतो. तो पदार्थाला मिठी मारतो. अशा रीतीने उचलले की बोटांना रस्सा लागत नाही, आणि घास तोंडात ठेवताना बोटे ओठांना लागत नाहीत. बोटे चाटणे त्यांच्यात अशिष्ट समजले जाते. तोडलेला तुकडा एकाच घासात संपवायचा. अर्धा खाऊन उरलेला पुन्हा रश्श्यात बुडवायचा नाही. आणि प्रत्येकाने आपल्या समोरच्या भागातूनच खायचे, ताटाच्या पलीकडे हात घालायचा नाही. पलीकडचा पदार्थ हवा असेल तर तिथे बसलेल्याला सांगावे, तो चमच्याने इकडे सरकवतो. मधल्या रश्श्यातली कोंबडी किंवा अंडे आपणहून उचलू नये. यजमान किंवा मेळातले वडीलधारे माणूस ते तोडून प्रत्येकाच्या पुढ्यात ठेवते.

माझ्या आईने पुढच्या भेटीत ही रीत दोन मिनिटे नुसती पाहिली आणि मग असा नेटका घास उचलला, की आतून आलेल्या मालकीणबाई थबकून उभ्या राहिल्या. आयुष्यभर हाताने जेवलेल्या माणसाला फक्त चिमटीचा कोन बदलावा लागतो. तरीही कोणाला संकोच वाटत असेल तर प्रत्येकासाठी वेगळी ताटली आणि काटा-चमचा मागावा. त्याचा कोणी राग मानत नाही.

गुंडाळ्या संपत आल्या की तळाचा इंजेरा कडेने तोडायला घ्यावा. तोवर त्यात मसुराचा लाल रस, पालेभाजीचे पाणी आणि कोशिंबिरीचा आंबटपणा उतरलेला असतो, आणि माझ्या मते सगळ्या जेवणातला सर्वोत्तम भाग तोच आहे. म्हणून पोटात त्याच्यापुरती जागा राखून ठेवावी. शेवटी गोड पदार्थ येईल याची वाट पाहू नये, कारण पारंपरिक जेवणात तो नसतो.

इथिओपियन मित्राबरोबर जेवायला बसलात तर तो मध्येच स्वतःच्या हाताने घास गुंडाळून तुमच्या तोंडापाशी आणील. याला ‘गुर्शा’ म्हणतात. नवरा-नवरी एकमेकांना घास भरवतात, किंवा आजी नातवाला भरवते, त्याच मायेने तो दिलेला असतो. घास जितका मोठा, तितकी आपुलकी जास्त. तो नाकारणे दुखावणारे ठरते. म्हणून जे खात नाही ते जेवायला बसण्याआधीच सांगून ठेवावे, म्हणजे ऐन वेळी तोंड फिरवण्याचा प्रसंग येत नाही. गुर्शा घेतल्यावर आपणही एक घास परत द्यावा.

बोलताना

‘सेलाम’ म्हणून नमस्कार करावा आणि ‘अमेसेग्नालेहू’ म्हणून आभार मानावेत; शब्द लांब आहे, पण तो अडखळत उच्चारला तरी समोरचा चेहरा खुलतो. भारतीय म्हटल्यावर वयस्क मंडळी हटकून एक गोष्ट सांगतात, ती म्हणजे आपल्याला शाळेत भारतीय शिक्षक होते. हाइले सेलासी यांच्या काळात भारतातून खूप शिक्षक इथिओपियात गेले होते, आणि गणित-विज्ञान शिकवणाऱ्या त्या शिक्षकांची आठवण एका सबंध पिढीने जपली आहे. अशा वेळी घाईने बिल मागू नये.

आपल्या बाजूनेही एक धागा आहे. इथले पुष्कळ लोक स्वतःला अभिमानाने ‘हाबेशा’ म्हणवतात, आणि मराठीतला ‘हबशी’ हा शब्द त्याच मुळाचा आहे. जंजिऱ्याच्या सिद्दींच्या मुलखाला हबसाण म्हणत, आणि १६१० साली खडकी, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, वसवणारा मलिक अंबर हा जन्माने इथिओपियाचाच होता. गुलाम म्हणून विकला गेलेला मुलगा निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला. ही हकीकत मी जिथे जिथे सांगितली तिथे तिथे ती कान देऊन ऐकली गेली आहे. मात्र ‘हबशी’ हा शब्द आपल्याकडे हिणवण्यासाठीही वापरला गेला असल्याने, तिथे मराठीत आपापसांत बोलतानासुद्धा तो टाळावा.

बुना

कॉफीला अम्हारिकमध्ये ‘बुना’ म्हणतात, आणि कॉफीचे झाड मूळचे इथिओपियाचेच. पारंपरिक विधी सर्व ठिकाणी रोज होत नाही. बऱ्याच खानावळींत तो शनिवारी-रविवारी असतो किंवा आधी सांगावा लागतो, म्हणून जेवण मागवतानाच विचारून ठेवावे.

हिरव्या बिया धुऊन, लांब दांड्याच्या पसरट भांड्यात आपल्यासमोर भाजल्या जातात. त्या काळपट होऊन चकाकू लागल्या आणि धूर सुटला, की भाजणारी बाई ते भांडे घेऊन प्रत्येकाजवळ येते. आपण नुसते बघत राहायचे नसते. आरती घेताना ज्योतीवरून हात फिरवून तो चेहऱ्याकडे नेतो, त्याच रीतीने दोन्ही हातांनी तो धूर आपल्याकडे ओढून घ्यायचा आणि वास चांगला आहे असे म्हणायचे. मग बिया दळून ‘जेबेना’ नावाच्या, बारीक मानेच्या मातीच्या सुरईत कॉफी उकळतात, आणि ‘सिनी’ नावाच्या कानाशिवायच्या छोट्या कपांत उंचावरून धार धरून ओततात. शेजारी निखाऱ्यावर धूप जळत असतो, आणि खायला मक्याच्या लाह्या येतात. कॉफी दुधाशिवायची असते. साखर हवी तेवढी घ्यावी.

कप तीनदा भरतात. पहिल्या फेरीला ‘अबोल’, दुसरीला ‘तोना’ आणि तिसरीला ‘बेरेका’ म्हणतात. पूड तीच असते, पाणी नवीन, त्यामुळे प्रत्येक फेरीची कॉफी आधीपेक्षा हलकी होत जाते. बेरेका म्हणजे आशीर्वाद, आणि तो घेण्याआधी उठणे बरे दिसत नाही. रात्री झोप उडेल अशी ज्यांना काळजी वाटते त्यांनी अबोल अर्धा कप घ्यावा आणि तिसरा पूर्ण घ्यावा.

मद्य घेणाऱ्यांसाठी ‘तेज’ ही मधाची मदिरा असते, गेशो नावाच्या वनस्पतीच्या पानांनी आणि डहाळ्यांनी आंबवलेली आणि गोल पोटाच्या काचेच्या सुरईत दिलेली. ती गोड लागते म्हणून सहज जास्त पोटात जाते. गाडी चालवणाऱ्याने तिच्या वाटेला जाऊ नये.

बिल आणि उरलेले अन्न

बिल सर्वांचे मिळून एकच येते, आणि एका ताटात जेवल्यावर ते माणशी फोडून मागणे अवघडच असते; आपापसांत नंतर हिशेब करावा. टिप इतर ठिकाणांप्रमाणेच अठरा ते वीस टक्के द्यावी, मात्र मोठ्या मेळाच्या बिलात ती आधीच धरलेली असते का ते पाहून घ्यावे.

उरलेले पार्सल घेताना रस्से आणि न वापरलेल्या गुंडाळ्या वेगवेगळ्या बांधून मागाव्यात, एकत्र ठेवल्यास रात्रीत सगळ्याचा लगदा होतो. पुष्कळ खानावळींत गल्ल्याशेजारी ताज्या इंजेराची पाकिटे विकायला ठेवलेली असतात. प्लास्टिकच्या आतून वाफेचे थेंब दिसत असतील तर ती त्याच दिवशीची आहेत असे समजून एक घ्यावे. घरी आल्यावर ते पाकीट उघडे ठेवू नये, कारण इंजेरा हवेवर तासाभरात कडक होतो. दोन-तीन दिवसांत संपणार नसेल तर फ्रिझरमध्ये ठेवावे. दुसऱ्या दिवशी सकाळी कांदा आणि टोमॅटो तेलावर परतून, त्यात चमचाभर बेर्बेरे किंवा घरचा कांदा-लसूण मसाला आणि अर्धी वाटी पाणी घालावे, उकळी आली की इंजेराचे हाताने केलेले तुकडे टाकून गॅस बंद करावा आणि दोन मिनिटे झाकून ठेवावे. तुकड्यांनी पाणी शोषून घेतले, पण जाळी अजून मोडली नाही, अशा वेळी फिरफिर ताटात वाढावे.